तांदळाची एक चकती

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साचा आहे. पहिल्यांदा पाहणारा मला मोठी सांडशी समजतो आणि त्याचा मला राग येतो. सांडशीने फार तर चुलीवरचे पातेले उतरवावे. मला दोन लांब दांडे आहेत, त्यांच्या टोकांना तळहाताएवढ्या दोन जाड पाट्या आहेत आणि त्या पुस्तकासारख्या एकमेकींवर मिटतात. एक पाटी गुळगुळीत आहे, दुसरीवर नक्षी कोरली आहे. मध्ये पातळ पीठ ओतायचे, मला मिटायचे आणि विस्तवावर धरायचे, की आत कागदासारखा पापुद्रा भाजून निघतो. त्या पापुद्र्यातून नाण्याएवढ्या गोल चकत्या कापतात. आमच्या घरात त्यांना नुसते 'चकत्या' म्हणत. पण रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी वेदीवर फादर त्यांच्यावर प्रार्थना म्हणत, आणि मग त्या चकत्या राहत नसत. ती पवित्र भाकर होई आणि सगळे गाव रांगेत उभे राहून ती घेई. तेव्हा माझा तोरा थोडा चालवून घ्या.

माझा जन्म आमच्या घराच्याच अंगणातला. घराचे मूळ पुरुष लोहार होते. गावात चर्च नवे बांधले होते, पण चकत्या लांबून खोक्यातून यायच्या आणि येईपर्यंत त्यांचा भुगा व्हायचा. त्या वेळचे फादर लोहाराच्या बायकोला म्हणाले, "बाई, तुम्हीच का नाही भाजत?" तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने ऐरणीकडे पाहिले. पंधरा दिवसांत मी तयार झालो.

नक्षी मात्र लोहाराच्या हातची नाही. ती शेजारच्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून कोरली. मध्ये कोकरू, भोवती क्रूस आणि कडेने केसाएवढ्या बारीक रेघांची किरणे. तासांच्या काट्यांवर ज्याचा हात बसलेला, त्याला कोकरू कुठून जमणार? त्याचे तोंड कुत्र्यासारखे झाले. लोहार म्हणाला, "हे कोकरू आहे की राखणीचा कुत्रा?" घड्याळजी भिंग पुसत म्हणाला, "खाणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात. कोण बघतंय?" तेव्हापासून या घरातले प्रत्येक मूल मला पाहून भुंकले आहे.

माझे दोन नियम होते. पहिला चर्चचा: गव्हाचे पीठ आणि पाणी, तिसरे काही नाही. मीठ नाही, साखर नाही, दुसरे कुठलेही पीठ तर मुळीच नाही. तिसरे काही पडले तर फादरांनी कितीही प्रार्थना म्हटली तरी ती पवित्र भाकर होत नाही, हे या घरात पोरेसोरेही जाणत. दुसरा नियम लोहाराचा: साच्याला पाणी दाखवायचे नाही. लोखंड गंजते आणि मग पापुद्रा चिकटतो. काम झाले की कोरड्या फडक्याने पुसायचे, वर मेणाचा हलका हात फिरवायचा आणि खिळ्यावर टांगायचे. माझ्यावर सुनांच्या तीन पिढ्या राबल्या. तिघींनी हे दोन्ही नियम डोळ्यांत तेल घालून पाळले.

यातली तिसरी म्हणजे आजी. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

ती शिंप्याच्या घरातून सून म्हणून आली. आमच्याकडे भाजायचा वेळ घड्याळावर मोजत नसत. एका बाजूला एक 'नमो मरिया' म्हणायची, उलटवून दुसऱ्या बाजूला आणखी एक. नव्या सुनेने पहिल्या दिवशी भीतीपोटी प्रार्थना अशी पळवली की पापुद्रा ओलाच राहिला. सासू म्हणाली, "अगं, तुझी गाडी सुटतेय का? देवाच्या आईला जरा श्वास घेऊ दे." सून लाजली, मग हसली आणि चार महिन्यांत तिचा हात असा बसला की कडा कधी करपली नाही. एकदा बिशप गावात आले. त्यांनी मला मोठ्या कौतुकाने हातात घेतले. गरम आहे म्हणून सांगायला तिने तोंड उघडले, तोवर उशीर झाला होता. बिशपांनी बोटावर फुंकर घातली आणि म्हणाले, "तुमच्या घरात श्रद्धा अजून ताजी आहे." हा किस्सा ती आल्यागेल्याला सांगायची.

मी मागच्या खोलीत राहायचो. तिथे एक खिडकी, एक लांब टेबल, पिठाचा डबा, शेगडी आणि पापुद्रे मऊ पडावेत म्हणून त्यांवर टाकायचे ओले फडके. दर शुक्रवारी दुपारी आजी पाठीमागे दार लोटून घ्यायची आणि भाजायला बसायची. तिचा मुलगा टपाल कचेरीत होता, सून शाळेत गणित शिकवायची. सगळे कसे सुरळीत चालले होते.

मग नात झाली. दोन वर्षांची होईपर्यंत ती गुटगुटीत होती, पुढे वाळायलाच लागली. खाल्लेले अंगी लागेना. पोट फुगायचे, उलट्या व्हायच्या. हातपाय इतके बारीक की गल्लीत तिला सगळे 'काडी' म्हणायला लागले. घरातल्यांच्या तोंडीही तेच नाव बसले. सात वर्षांची असताना मोठ्या डॉक्टरांनी निदान केले. सून कागद घेऊन मागच्या खोलीत आली आणि पिठाच्या डब्याकडे बघत स्टुलावर बसली.

"आई, हिला गहू चालत नाही," ती म्हणाली. "कमी नाही, जास्त नाही. अजिबातच नाही. डॉक्टर म्हणाले, कणभरसुद्धा विष आहे."

आजीच्या हातातून पळी सुटली. "आपल्या घरात?" एवढेच ती म्हणाली.

त्या दिवसापासून काडीला मागच्या खोलीत बंदी झाली. हवेत पीठ उडते म्हणून. ती बिचारी उंबरठ्यापलीकडे उभी राहायची आणि तिथून ओरडायची, "आजी, कोकरू आज भुंकलं का गं?" आजी म्हणायची, "नाही गं, आज त्याचा घसा बसलाय." भात आणि भाज्या खाऊन काडीच्या गालांवर हळूहळू मांस चढू लागले.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असे आजीने ठरवले. सुनेला ते पटले नव्हते. पण आजी म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील? ज्यांच्या हातची भाकर सगळं गाव खातं, त्यांच्याच पोरीला ती बाधते. उद्या कुणी तोंडात घेताना कचरलं तर? विचारणाऱ्याला सांगायचं, पोट नाजूक आहे. खोटं तर नाही ना ते?" सुनेने डॉक्टरांचा कागद घडी करून कपाटात ठेवला. मित्रांनो, माझ्या मते सगळ्याचे मूळ तिथे होते. पण मला विचारतो कोण?

काडी आठ वर्षांची झाली. तिच्या वर्गातल्या अकरा मुलांचे पहिले कम्युनियन ठरले. पहिले कम्युनियन म्हणजे मूल आयुष्यात पहिल्यांदा पवित्र भाकर घेते तो दिवस. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, सगळ्या नातेवाइकांच्या नजरा त्याच्यावर. काडीचा फ्रॉक शिवून झाला होता. बाकी अकराच्या अकरा जणांना तिच्याच घरच्या चकत्या मिळणार होत्या. तिला एकटीला नाही.

सून म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू. आधी फादरांशी बोलते, ते काहीतरी मार्ग सांगतील."

"फादरांशी काय बोलणार?" आजी म्हणाली. "नियम का त्यांनी केलाय? आणि एकदा त्यांच्या कानावर गेलं की गावाच्या कानावर गेलंच म्हणून समज."

काडीने हे सगळे पलीकडून ऐकले. ती रडली नाही, तिने हट्ट केला नाही. ती उंबरठ्यावर यायची मात्र थांबली. आजीने तीन शुक्रवार कोकराचा घसा बसल्याचे मनातल्या मनातच ठेवले. चौथ्या आठवड्यात ती सुनेला म्हणाली, "फ्रॉक इस्त्री करून ठेव. मी फादरांना भेटून आले. त्यांनी परवानगी दिली, तिला बाधणार नाही अशी वेगळी चकती चालेल म्हणाले. मी बघते सगळं." सासूने आजवर कधी खोटे सांगितले नव्हते, म्हणून सुनेने ते खरे मानले. खरे तर आजी फादरांकडे गेलीच नव्हती.

शनिवारी दुपारी सगळे चर्चमध्ये तालमीला गेले. आजी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिली. तिने दार लावले, मला खिळ्यावरून काढले आणि पाऊणशे वर्षांत कुणी केले नव्हते ते केले. तिने मला पाणी दाखवले. उकळते पाणी, राख आणि काथ्या घेऊन तिने मला घासले. धुतले, उजेडात धरले, पुन्हा घासले. मग शिवणाची सुई घेतली आणि रेघ न् रेघ उकरायला बसली. शिंप्याची पोर ती, सुई तिच्या हातात लहानपणापासून. तिने तिसऱ्यांदा घासले तेव्हा तिची बोटे सोलली होती. मग तिने मला कोरडे केले, मेण लावले आणि पदराआडून एक लहानसा डबा काढला. त्यात तांदळाचे पीठ होते.

तेव्हा मला कळले, मित्रांनो. 

तिला वाटत होते की ती एकच नियम मोडते आहे. चर्चचा. त्याची तिला भीतीही होती. "देवा, माझ्यावर धर, तिच्यावर धरू नको," असे ती पुटपुटत होती. पण माझ्या किरणांच्या रेघा केसाएवढ्या. त्यांच्या तळाशी तिच्या सासूच्या, सासूच्या सासूच्या वेळचा गहू भाजून भाजून लोखंडासारखाच काळा झालेला. तो डोळ्यांना दिसत नव्हता. राखेने तो निघाला नव्हता, सुई तिथवर पोचत नव्हती, उलट गरम पाण्याने तो फुगून सैल झाला होता. मी तो वर्षानुवर्षे दातांत धरून बसलो होतो. मी तिला कसे सांगणार? मी काय केले ते सांगतो. मी पापुद्रा सोडायचा नाही असे ठरवले. लोखंडाने करावे तरी काय? तांदूळ तसाही चिकट. पहिला पापुद्रा फाटला. दुसरा फाटला. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही वेळा मला वाटले, आता ती कंटाळेल आणि हे खूळ डोक्यातून काढून टाकेल. पण आजी कंटाळणाऱ्यांतली नव्हती. सहावा पापुद्रा अखंड निघाला. तिने त्यातून बरोबर मधली, कोकराची चकती कापली आणि ती उजेडात धरून रडली. आनंदाने.

रविवारी सकाळी तिने ती एका लहान वाटीत घालून नेली. फादरांना काय सांगितले ते पुढे तिनेच मला ऐकवले: "नातीचा घसा नाजूक आहे. तिच्यासाठी पातळ केली आहे, ती वेगळी या वाटीत आहे." फादर बिचारे हो म्हणाले. त्यांना संशय यायचे कारणच नव्हते. आमच्या घरच्या चकतीवर कोण संशय घेणार?

सगळे घरी परतले तेव्हा काडी फ्रॉक सांभाळत धावत थेट उंबरठ्यापाशी आली. "आजी, मी दात नाही लावला! जिभेवर अशी विरघळू दिली!" आजीने तिला छातीशी धरले. मी खिळ्यावर टांगलेला होतो. दुपारचे जेवण व्हायच्या आतच उलट्या सुरू झाल्या.

पुढचे मी भिंतीपलीकडून ऐकले, मला नीट सांगता यायचे नाही. तिला इस्पितळात नेले, दहा दिवस सलाईनवर ठेवले. वर्षभरात अंगावर चढलेले मांस त्या दहा दिवसांत उतरले. घरी आणली तेव्हा फ्रॉकचे बटण लावायलाही तिच्या बोटांत जोर नव्हता. फादर समाचाराला आले. ते, सून आणि आजी तिघेही मागच्या खोलीत उभे होते, काडीला ऐकू जाऊ नये म्हणून.

सून म्हणाली, "फादर, तुम्ही चांगल्या मनानं परवानगी दिलीत. पण ती वेगळी चकतीही तिला सोसली नाही."

"सोसायचं काय त्यात?" फादर म्हणाले. "कसली परवानगी?"

मग एकेक करून सगळे बाहेर आले. पोरीला गहू चालत नाही, हे फादरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.  "अहो, मला विचारायचं होतंत," ते म्हणाले. "तिला प्याल्यातला एक घोट दिला असता. नुसत्या द्राक्षरसानंही कम्युनियन पूर्ण होतं. भाकर घेतलीच पाहिजे असं नाही. एका शब्दाचं काम होतं हो."

 सून आजीकडे वळली. गणिताची बाई ती, आवाज न चढवता तिने विचारले, "आई, त्या वाटीत काय होतं?"

 माझी नजर तिच्यावर होती. बोल, मी मनात म्हणालो, तांदूळ म्हण. खरे सांग, म्हणजे कुणीतरी विचार करेल की तांदळाने पोर आजारी पडली कशी. कुणीतरी माझ्याकडे बघेल.

"गहू," आजी म्हणाली.

"माहीत असून?"

"वाटलं, एवढ्याशानं काय होतंय."

तिने असे का सांगितले, ते मला त्याच शुक्रवारी कळले. ती माझ्याशी बोलायची, एकटी असली की. "तांदूळ म्हटलं असतं तर पोरीचं कम्युनियन खोटं ठरलं असतं," ती मला पुसत म्हणाली. "इतकं सोसलं लेकरानं, आणि वर तिला सांगायचं की ते तुझं झालंच नाही? मला शिव्या खाऊ देत." मग फडके खाली ठेवून म्हणाली, "देवाला नाही आवडलं. दुसरं पीठ घातलं ना मी. पण शिक्षा मला करायची होती. तिला कशाला?"

म्हणजे बघा मित्रांनो. सुनेला वाटे, सासूने गहू चारला. आजीला वाटे, देवाने सूड घेतला. फादरांना वाटे, आपले लक्ष कमी पडले. आणि खरे काय ते माझ्या रेघांत बसले होते. मी ऐरणीवर घाव सोसले, विस्तव सोसला, पण त्या खिळ्यावर टांगून राहण्याइतके काहीच मला जड गेले नाही.

सुनेने भांडण केले नाही. ते परवडले असते. तिने काडीचे ताट वेगळे केले, पेला वेगळा केला आणि आजीला म्हणाली, "आई, ह्या भांड्यांना आता फक्त मी हात लावीन." आजीने मान डोलावली. एकदा काडी उंबरठ्याशी आली. तिने कोकराचे काही विचारले नाही. ती म्हणाली, "आजी, खरंच गहू होता?"

"हो बाळा."

"मग मला का दिलास?"

आजीने शेगडीकडे तोंड केले. काडी निघून गेली.

त्यानंतर आजीने स्वतः कधी पवित्र भाकर घेतली नाही. दर रविवारी घरी आल्यावर सून नवऱ्याला हळूच सांगायची, "आई आजही बाकावरून उठल्या नाहीत." लोकांना वाटे, गुडघे दुखतात. तिने पापनिवेदन केले असते तर फादरांनी तिला क्षमा केली असती, पण मग तांदूळ सांगावा लागला असता. तेव्हा ती शुक्रवारी सगळ्या गावासाठी भाजायची आणि रविवारी बाकावर बसून राहायची. असे दहा वर्षे चालले. मग तिचे हात थकले आणि चर्चमध्ये बाहेरून बंद पाकिटे येऊ लागली. यंत्रावर कापलेल्या चकत्या, सगळ्या एकसारख्या. मला खिळ्यावरून काढून जुन्या चादरीत गुंडाळले आणि कपाटावर टाकले.

तिथे मी किती वर्षे होतो ते मोजले नाही. चादर सोडली तेव्हा समोर एक उंच, धडधाकट बाई होती. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. मी तिला ओळखले नाही. मग ती म्हणाली, "आजी, ह्या कोकराचं तोंड अजून कुत्र्यासारखंच आहे गं." ती काडी होती. दातांची डॉक्टर झाली होती, दूरच्या शहरात दवाखाना होता तिचा. आजी अंथरुणाला खिळली म्हणून ती सुट्टी घेऊन आली होती. चर्चला शंभर वर्षे झाली होती आणि प्रदर्शनात ठेवायला त्यांनी मला मागितले होते, म्हणून ती आजीच्या खाटेशेजारी बसून मला साफ करणार होती. मोजे आणि मास्क तिच्या नेहमीच्या सावधपणाचे. आजीशी ती प्रेमाने बोलायची, पण आजीच्या खोलीतले पाणीसुद्धा प्यायची नाही. सवयच होती ती.

तिने पिशवीतून दात कोरायची बारीक आकडी काढली. "बघू, आ कर," मला म्हणाली आणि माझ्या पाट्या उघडल्या. ती हसत होती. मग किरणाच्या एका रेघेत आकडी घालून तिने हळूच ओढली. तपकिरी, कडक असा एक कण निघून तिच्या हातातल्या कागदावर पडला. मग दुसरा. मग एक लांब कपची.

तिचे हसू थांबले. तिने कागद खिडकीशी नेला.

"आजी," तिने विचारले, "माझ्या कम्युनियनची चकती कशी केली होतीस?"

आजीने डोळे मिटले. एकवीस वर्षे झाली होती. आता लपवायला अंगात ताकद नव्हती बहुतेक. "तांदळाची केली होती," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं सगळ्यांना. तुझं कम्युनियन खोटं ठरू नये म्हणून. आणि देवानं तुला..."

"थांब, थांब. तांदळाची? म्हणजे तू मला गहू दिलाच नव्हतास?"

"नाही गं. तुला कशी देईन?"

काडी खाटेवर बसली. मास्क तिने खाली ओढला होता. "आजी, पीठ राहू दे. चकती भाजलीस कशात?"

"ह्यातच. दुसरं काय होतं घरात?"

काडीने तो कागद आजीपुढे धरला. आजीने तो जवळ ओढला, एक कण बोटांत चुरडला, नाकाशी नेला. आयुष्यभर ज्या वासात तिचा शुक्रवार गेला तो तिला ओळखायला किती वेळ लागणार? 

"देवानं काही केलं नाही, आजी," काडी म्हणाली. ती आता रडत होती. "साच्यात जुना गहू होता. एवढंच झालं. एवढ्यासाठी तू आईचं ऐकून घेतलंस? माझंसुद्धा?"

आजी माझ्याकडे बघत होती. मी अंगाअंगाने तिची नजर झेलत होतो. मला वाटले, आता सुटली ही. आता हिच्या छातीवरचा दगड उतरला.

"म्हणजे," आजी अगदी हळू म्हणाली, "मी नीट घासलं नाही तर."

"आजी, तसं नाही..."

"नाही, घासायचंच राहिलं माझ्याकडून. घाईत होते गं. तुम्ही सगळे तालमीहून परत याल म्हणून."

काडी खूप समजावत होती. तिने सुनेला हाक मारली, सून हातातले तसेच टाकून आली, सगळे ऐकले आणि सासूच्या पायांशी बसली. "आई, तुम्ही बोलला का नाहीत?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. शुक्रवारी नवे फादर आले आणि आजीने एकवीस वर्षांनी पवित्र भाकर घेतली. हे सगळे चांगलेच झाले. पण चौथ्या दिवशी ती गेली तेव्हाही सुनेचा हात धरून तेच म्हणत होती: "घासायचं राहिलं गं माझ्याकडून."

राहिले नव्हते. मी होतो तिथे. राख, काथ्या, सुई, सोललेली बोटे, सगळे माझ्या अंगावरून गेले आहे. त्या रेघा कुणाच्याच हाताने साफ होणाऱ्या नव्हत्या. हे तिला सांगणारे जगात कुणी नव्हते, आणि मी तिच्या उशाशी पडलो होतो.

आता मी चर्चच्या दालनात काचेच्या पेटीत आहे. शेजारी छापील पाटी आहे: 'या साच्याने गावाची अनेक वर्षे सेवा केली.' शाळेच्या सहली येतात. मुले काचेला नाक लावतात आणि भुंकतात, ते मला आवडते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. वस्तूंचे काय घेऊन बसलात, आम्ही टिकतो. तुमच्या घरात कुणी गप्प राहून बोलणी खात असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, नक्की काय झाले होते. लवकर विचारा. आमच्या घरी हा प्रश्न विचारायला एकवीस वर्षे लागली आणि अर्धेच उत्तर मिळाले. उरलेले अर्धे माझ्यापाशी आहे. पण मी पेटीत नीट बसावे म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही पाट्या तारेने घट्ट बांधून टाकल्या आहेत.